समासातल्या दोन रेघा

मी एक चित्रांचं पुस्तक बोलतोय. पानं बत्तीस, पुठ्ठा कडक, पाठीला निळ्या कापडाची पट्टी. चित्र पानभर आणि मजकूर तळाशी दोन ओळी. वाचणाऱ्या मोठ्या माणसाला फार श्रम नकोत आणि ऐकणाऱ्या लहान माणसाला फार वाट बघायला नको, अशी आमची बेतणी. एकट्याने वाचायची पुस्तकं निराळी, ती कपाटात उभी राहून म्हातारी होतात. आम्ही मांडीवर झिजतो.

माझं नाव 'घंटा हरवलेली मेंढी'. एक मेंढी सकाळी उठते तर तिच्या गळ्यातली घंटा गायब. ती कुत्र्याला विचारते, पाण्याच्या टाकीला विचारते, बुजगावण्याला विचारते, सायकलवरच्या पोस्टाच्या बाईला विचारते. शोधत शोधत समुद्रापर्यंत जाते, तिथे वाळूवर एकटीच बसते. संध्याकाळी घरी येते, तर घंटा तिच्याच कोकराच्या गळ्यात. एवढीच गोष्ट. पण ज्या बाईंनी ती लिहिली त्यांनी एकेक शब्द सोन्यासारखा तोलून बसवला होता, आणि मला त्या शब्दांचा भारी ताठा होता. खोटं कशाला बोलू?

दूर दक्षिणेकडच्या देशात, इन्व्हरकारगिल शहरातल्या एका दुकानात मी काचेआड बसलो होतो. लॉर्ना आत आली, मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि घेतलं. तिच्या मुलीचा, रिपेकाचा, तिसरा वाढदिवस होता. मला घेऊन ती ब्लफला आली. ब्लफ म्हणजे रस्ता संपतो ते गाव. पुढे पाणी, वारा, आणि त्या पाण्यात कुठे कुठे बेटं. लॉर्नाचा नवरा पाओरा तिथल्या धक्क्यावर जहाजं भरायचा. हाताचे पंजे केवढे! त्याने मला धरलं तेव्हा वाटलं, आता आपला पुठ्ठा काही राहत नाही. पण त्याने मला अंडं धरावं तसं धरलं.

लॉर्ना संध्याकाळी मासळीच्या शेडमध्ये कामाला जायची, म्हणून वाचायचं काम पाओराकडे आलं. चहा-जेवण उरकलं, रिपेका त्याच्या मांडीत शिरली, त्याने मला उघडलं आणि पहिल्या पानाकडे बराच वेळ बघत बसला. मी आपला वाट बघतोय, आता म्हणेल, 'एक होती मेंढी.'

"ही आपली विनीआत्या," पाओरा म्हणाला.

"ही मेंढी आहे, बाबा."

"नाक बघ ना तिचं. बघितलंस? थेट माझी बहीण. उत्तरेला राहते, हेस्टिंग्जला, म्हणून तू पाहिली नाहीस. आणि झालंय काय, की तिची किटली हरवलीय."

किटली! माझ्या बत्तीस पानांत एकसुद्धा किटली नाही. शोधून दाखवा. मला वाटलं, थट्टा करतोय, पुढच्या पानावर येईल ताळ्यावर. पुढच्या पानावर त्याच्या गोष्टीत पाण्याची टाकी शिंकली. मग माझ्या लक्षात आलं, याची नजर तळाच्या दोन ओळींकडे जातच नाही. चित्रावर फिरते आणि कडेला पोचली की परत फिरते.

पाओराला वाचता येत नव्हतं.

हे एकट्या लॉर्नाला ठाऊक होतं. लहानपणी दर एप्रिल-मेमध्ये घरचे त्याला पक्षी धरायला बेटावर न्यायचे, तिथून परत आला की वर्ग पुढे गेलेला असायचा. मग मागचा बाक आला, मग बाराव्या वर्षी शाळाच सुटली. अडाणी म्हणावा तर वारा बघून उद्याचा समुद्र सांगायचा. पण धक्क्यावर कोणी कागद पुढे केला, की म्हणायचा, "चष्मा घरी राहिला बघ." चष्मा त्याला कधी नव्हताच.

दुसऱ्या संध्याकाळी त्याची खरी पंचाईत झाली. लहान मुलांना तुम्ही ओळखता ना? त्यांना नवी गोष्ट नको असते. कालचीच हवी असते, आणि काल होती तश्शी.

"चुकलास! टाकी आधी शिंकली होती, मग बोलली."

"बरं, आधी शिंकली."

"तीनदा!"

"तीनदा शिंकली. पुढे—"

"पुढे नाही, बाबा! त्याच्या आधी वारा खिडकीत अडकला होता. तू नीट वाच ना!"

नीट वाच ना. त्या तीन शब्दांनी एवढा मोठा माणूस घामाघूम झाला. चौथ्या दिवशी पोर झोपल्यावर त्याने मला स्वयंपाकघरात नेलं, कानामागची सुताराची चपटी पेन्सिल काढली, जीभ दातांत धरली आणि माझ्या समासात खुणा करायला बसला. पानागणिक एक खूण. पेन्सिल इतकी दाबून चालवली की तिचा व्रण मागच्या पानावर उठला.

माझा नुसता संताप झाला. कोरी करकरीत पानं माझी! मी मनोमन म्हणालो, देवा, कोणीतरी येऊ दे आणि हे सगळं पुसून टाकू दे. हे मी मागितलं होतं. मीच.

खुणा अशा. पहिल्या पानावर मासे धरायचा गळ, म्हणजे वारा खिडकीत अडकलाय. मग किटली. टाकीच्या पानावर तीन टिंबं, म्हणजे तीन शिंका. पोस्टाच्या बाईच्या पानावर एक वेडीवाकडी रेघ, म्हणजे बाई सायकलसकट चरात पडल्या आणि एक वाईट शब्द बोलल्या. तो शब्द पाओरा रिपेकाच्या कानात सांगायचा आणि ती हसून हसून मांडीवरून घसरायची. आणि समुद्राच्या पानावर, जिथे मेंढी वाळूवर एकटी बसलीय, तिथे शेजारी शेजारी दोन उभ्या रेघा. त्या दोन रेघांचं मागाहून सांगतो. घाई करू नका.

त्या खुणांमुळे गोष्ट रोज तश्शीच होऊ लागली आणि पोर खूश झाली. माझा राग कधी गेला, सांगता येणार नाही. रविवारी लॉर्ना वाचायची. ती अगदी बरोबर वाचायची, घंटा म्हणजे घंटा, एक शब्द इकडचा तिकडे नाही. रिपेका शहाण्यासारखी ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "झालं ना आई तुझं? आता बाबाला बोलाव, खरी गोष्ट वाचायला."

पहिल्यांदा मला ते झोंबलं. मग मीही रविवार कधी संपतो याची वाट बघू लागलो.

मार्चअखेर सगळं घर बेटावर निघायचं. तीती नावाच्या समुद्रपक्ष्याची पिल्लं धरायचे ते दोन महिने. शाळा, धक्का, मासळीची शेड, सगळं बाजूला. ज्यांच्या आज्यापणज्यांचा त्या बेटावर हक्क आहे तेवढीच माणसं तिथे जातात. बिळात खांद्यापर्यंत हात घालून पिल्लू ओढायचं, पिसं काढायची, मीठ लावून बादलीत रचायचं. पिल्लू एवढं चरबीचं, की तिथल्या माणसांचे हात दोन महिने चकाकत असतात. मी त्या चरबीतूनच वाचला गेलो. पाओराचा अंगठा जिथे जिथे टेकला तिथे तिथे माझा कागद पारदर्शक झाला, वडापावच्या कागदासारखा.

बादल्यांचं मात्र नीट सांगायला हवं, कारण माझं सगळं नशीब त्यांच्यात आहे. पांढऱ्या प्लास्टिकच्या, घट्ट झाकणाच्या बादल्या. बेटावर कायम पाऊस नाहीतर लाटांचा फवारा, म्हणून जे जे कोरडं राहायला हवं ते बादलीत. काड्यापेट्या बादलीत, पीठ बादलीत, मोजे बादलीत, मी बादलीत. आणि हंगामाच्या शेवटी मिठातले पक्षीही तसल्याच बादल्यांत. जे नातेवाईक लांब राहायला गेले, ज्यांना बेटावर येता येत नाही, त्यांच्या वाट्याची बादली त्यांना पाठवायचीच. झाकणावर ठळक नाव घालायचं. पक्षी खाऊन झाले की ते रिकामी बादली परत धाडतात, आणि झाकणावरचं नाव कोणी पुसत नाही. त्या नावाचा अर्थ, मला विसरू नका.

रिपेका सहा वर्षांची झाली त्या साली आम्ही बेटावर गेलो, तेव्हा ती शाळेत जाऊ लागली होती. दुपारी पिसं काढून झाली, पाऊस पत्र्यावर बडवत होता, आणि बापलेक खोपटातल्या बाकड्यावर मला घेऊन बसली. पाओराने पान उघडलं. रिपेकाने तळाच्या ओळीवर बोट ठेवलं.

"बाबा, यात किटली कुठे लिहिलीय? मला 'क' येतो. इथे 'क' नाहीये."

पाओराने समासातल्या खुणेवर अंगठा ठेवला. चुलीशी बसलेल्या लॉर्नाने मान वर केली नाही, पण तिचा हात थांबला.

"हे खालचं काळं आहे ना," पाओरा शेवटी म्हणाला, "ते शाळेतल्या बाईंचं. ते कोणालाही वाचता येतं. ही कडेची पेन्सिल आपली. ती फक्त मला वाचता येते."

"मलाही शिकव मग."

"शिकवीन की. एक एक खूण शिकवीन. पुढच्या साली, इथेच बसून."

"आत्ता का नाही?"

"कारण आत्ता तू मला शिकवायचंय."

"काय?"

"हे काळं."

रिपेकाने बापाकडे नीट वळून पाहिलं. "तुला येत नाही?"

"नाही येत."

तिने थोडा विचार केला. मग त्याच्या गुडघ्यावर थोपटलं. "घाबरू नकोस हं, बाबा. आमच्या बाई अजिबात ओरडत नाहीत."

आणि शाळा सुरू झाली. मास्तरीणबाई सहा वर्षांच्या, विद्यार्थी पालथ्या बादलीवर. तिच्या मुठीत त्याचं एक बोट जेमतेम मावायचं. ते ती माझ्या ओळीवरून ओढायची आणि चुकला की म्हणायची, "लक्ष कुठंय तुझं?" मे संपला तोवर पाओराला एक शब्द ओळखता यायला लागला होता, 'मेंढी'. जिथे दिसेल तिथे बोट आपटून म्हणायचा, "मेंढी! ही पण मेंढी!" लॉर्ना चुलीकडे तोंड करून हसायची आणि डोळे पुसायची. मला आजही वाटतं, आणखी एक हंगाम मिळाला असता तर त्याने माझी पहिली ओळ अख्खी वाचली असती. मी असा वाचला जाण्याची वाट बघत होतो.

निघायच्या दिवशी समुद्र खवळला. बोटवाला ओरडत होता, "उरका, नाहीतर तुम्हाला इथेच सोडून जातो." पाओराने मला पिठाच्या पिशवीत गुंडाळलं, हाताशी आलेल्या रिकाम्या बादलीत घातलं आणि झाकण ठोकून बसवलं. त्या झाकणावर गेल्या सालची ठळक अक्षरं होती. विनी, हेस्टिंग्ज. त्याने ती पाहिली, पण त्याच्या लेखी तो काळा रंग होता. रिपेका बाहेर पिसांची पोती मोजत होती. तिला नुसती हाक मारली असती तरी तिने पहिलं अक्षर वाचलं असतं.

खाली खडकावर त्याचा चुलतभाऊ रेवी नावं वाचून बादल्या वेगळ्या काढत होता. "विनीच्या तीन झाल्या की यंदा!" तो स्वतःशीच म्हणाला. "बहिणीवर भलतीच माया दिसते." आणि मला पक्ष्यांच्या बादल्यांमध्ये ठेवून दिलं. मी ओरडलो. पण पुस्तकाचं ओरडणं कोणाला ऐकू येतं?

अशा रीतीने मी बोटीने, मालमोटारीने, पुन्हा बोटीने आणि पुन्हा मालमोटारीने मिठाच्या वासात हजार मैल लांब विनीच्या स्वयंपाकघरात पोचलो.

विनी पाओराची थोरली बहीण. लग्न होऊन उत्तरेला गेली तेव्हा तो आठ वर्षांचा. भावाचं लग्न झाल्यावर पत्रं पाठवायची, आणि उत्तरं लॉर्ना लिहायची. भावाला वाचता येत नाही हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. आणि खरं सांगतो, नाक थेट मेंढीचं होतं. तिने झाकण काढलं आणि म्हणाली, "अगं बाई! याला पिसं फुटायच्या ऐवजी पानं कशी फुटली?"

मग तिने फोन लावला. तिचं बोलणं मी ऐकलं. पलीकडचं मला पुढे लॉर्नाच्या तोंडून कळलं. रिपेका दहा दिवस पुस्तकासाठी रडत होती. पाओराने सगळ्या बादल्या उचकटल्या होत्या, मोज्यांच्यासुद्धा. चूक त्याच्या ध्यानात आली होती, आणि ती कशामुळे झाली तेही. तो फोनच्या शेजारी मान खाली घालून उभा होता.

"पोस्टाने नको गं लॉर्ना, चुरगळेल," विनी सांगत होती. "मी ऑगस्टमध्ये येतेच आहे. स्वतः आणून देते पोरीच्या हातात."

लॉर्ना म्हणणार होती, त्यातल्या पेन्सिलीच्या खुणा तेवढ्या जपा. तिने तोंड उघडलं, तर पाओराने हात हलवून नको म्हटलं. "नको सांगूस," तो हळूच म्हणाला. "ती विचारेल, कशाच्या खुणा. मग काय सांगशील?"

म्हणून तिने सांगितलं नाही.

ऑगस्ट उजाडलाच नाही. जुलैच्या एका सकाळी फोन आला. धक्क्यावर चहाच्या सुट्टीत पाओरा लोकरीच्या गठ्ठ्यावर बसला, छातीवर हात ठेवला, आणि पुन्हा उठला नाही. छत्तीस वर्षांचा होता.

विनीने हंबरडा फोडला. शेजारणी आल्या, गेल्या. बसला अजून तीन तास होते. पिशवी भरून झाली होती आणि हातांना काही काम उरलं नव्हतं. तिची नजर माझ्यावर गेली. वीस वर्षं तिने बालवाडी चालवली होती. फाटकी, मळकी पुस्तकं नीट करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"असं मळकं कसं द्यायचं पोरीला?" ती स्वतःशी पुटपुटली. "बाप गेलाय तिचा. आणि काय गं हे, सगळीकडे गिरगोट्या करून ठेवल्यात."

तिने खोडरबर घेतला.

पहिल्यांदा मला बरं वाटलं. हे कबूल करायला लाज वाटते, पण सांगायचं तर सगळं सांगायला हवं. कोणीतरी इतक्या हळुवार हाताने अंग पुसतंय, कोणाला बरं वाटणार नाही? मग गळ गेला. खिडकीत अडकलेला वारा गेला. किटली गेली, आधी तोटी, मग बूड. तेव्हा मला कळलं काय चाललंय. तीन शिंका गेल्या. चरात पडलेली पोस्टाची बाई गेली. विनीचे डोळे गळत होते, एखादा थेंब माझ्यावर पडला की ती पदराने टिपावा तसा आपल्या बाहीने टिपायची, आणि पुन्हा पुसायला लागायची. समुद्राच्या पानावर ती थांबली. दोन रेघा इतक्या सरळ होत्या, की तिला वाटलं, या छापलेल्याच असाव्यात. मला वाटलं, वाचलो. तिने बोट फिरवून पाहिलं, बोट काळं झालं, आणि तिने त्याही पुसल्या.

"हा तेलकट डाग मात्र काही निघत नाही बाई," ती म्हणाली. तो तिच्या भावाचा अंगठा होता.

मी रागावू तरी कोणावर? तिने माझं वाईट केलं असतं तर मी तिला शाप दिला असता. तिने तर आपल्या दुःखातून वेळ काढून माझी सेवा केली. भावाने जी गोष्ट तिच्या नावाने रचली, ती तिने आपल्या हाताने पुसली आणि तिला कधी कळलंही नाही.

ब्लफच्या माराएवर, त्यांच्या समाजाच्या मोठ्या घरात, पाओराला ठेवलं होतं. तीन दिवस माणसं येत होती. शवपेटीशेजारी गाद्यांवर घरच्या बायका बसल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये रिपेका. विनी दारातूनच रडत आली, भावाच्या कपाळाला कपाळ आणि नाक टेकवून कितीतरी वेळ त्याच्याशी बोलली. मग तिने पोरीला पोटाशी धरलं. रिपेका तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली.

"आत्या," तिने विचारलं, "तुझी किटली सापडली का गं?"

"कसली किटली, राणी?"

विनीने लॉर्नाकडे पाहून मान हलवली, लेकराच्या मनावर फार परिणाम झालाय, अशा अर्थाची. मग पिशवीतून मला काढलं. "बघ, काय आणलंय तुझ्यासाठी!"

रिपेकाने मला झडप घालून घेतलं. पहिलं पान उघडलं. दुसरं. मग भराभर सगळी. मग पुन्हा पहिलं. तिने समासावर बोट फिरवलं, जसं बेटावर बापाचं बोट धरून फिरवायची.

"इथलं कुठे गेलं?"

"सगळं पुसून टाकलं गं माझ्या सोन्या," विनी कौतुकाने म्हणाली. "आता कशी अगदी कोरी करकरीत झालीत की नाही पानं?"

लॉर्नाने तोंडावर हात नेला. क्षणभर मला वाटलं, आता ही किंचाळणार. पण समोर विनी होती, सुजलेल्या डोळ्यांची, हजार मैल बसने आलेली, भाऊ गमावलेली. लॉर्नाने तोंडावरचा हात खाली घेतला आणि लेकीच्या खांद्यावर ठेवला.

"आत्याला काय म्हणायचं, रिपेका?"

सहा वर्षांच्या पोरीने एकदा आईकडे पाहिलं, एकदा पेटीकडे.

"थँक यू, आत्या," ती म्हणाली.

विनी वारली त्याला आता बरीच वर्षं झाली. तिला हे कोणीही, कधीही सांगितलं नाही.

पुढची वर्षं थोडक्यात सांगतो. लॉर्नाने पाओराची गोष्ट जमवायचा फार प्रयत्न केला. "कुत्र्यानंतर टाकी ना गं?" "नाही, आधी वारा." "आणि बुजगावणं काय म्हणालं?" "बुजगावणं… आई, ते काय म्हणालं?" आणि दोघी एकमेकींकडे बघत बसायच्या. दर वर्षी एखादं पान कमी व्हायचं. मला सगळं पाठ होतं, एकूण एक खुणा, पोस्टाच्या बाईच्या वाईट शब्दासकट. पण मी पुस्तक. मला कोणीतरी वाचावं लागतं, मला स्वतःला वाचून दाखवता येत नाही. मग एके दिवशी लॉर्नाने मला कपाटात उभं केलं. माझ्या जातीला ती शिक्षाच.

तीस वर्षांनी कपाट उघडलं तेव्हा रिपेकाच्या कडेवर तिची मुलगी होती, अनाहेरा. एका हिवाळी दुपारी रिपेका मला घेऊन खिडकीशी बसली. सूर्य खाली आलेला, ऊन आडवं पडलेलं. तिने पान उघडलं आणि ते उन्हात तिरकं धरलं. खोडरबराने काळं पुसलं जातं, पण सुताराच्या पेन्सिलीने दाबलेला कागद पुन्हा सपाट होत नाही. आडव्या उन्हात माझ्या समासात गळाचा खळगा दिसत होता, किटलीचा दिसत होता. पंजा केवढा होता आठवतो ना?

"आई!" तिने फोनवर लॉर्नाला सांगितलं तेव्हा तिला नीट बोलता येत नव्हतं. "आहेत गं. सगळ्या आहेत."

सगळ्या होत्या, पण त्यांचा अर्थ सांगणारा नव्हता. काही तिला आठवल्या, काही लॉर्नाने सांगितल्या, काहींना तिने आपल्या मनाचं जोडलं. वाईट शब्द तर तिने पाओराच्याहून वाईट घातलाय. एकच पान तिला काही केल्या सुटलं नाही.

आता मी बेटावरच राहतो. बादली नवी आहे आणि झाकणावर रिपेकाने मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'यात पक्षी नाहीत'. माझी पाठ उसवलीय, दोन पानं दोऱ्याने शिवलीत, आणि मिठाने माझ्या कडा खाल्ल्यात. फार हंगाम मी काढीन असं वाटत नाही. तेव्हा जाण्याआधी एक मागणं. तुमच्या घरी कोणी लहान असेल तर त्याला मांडीवर घेऊन वाचून दाखवा. वाचता येत नसेल तरी दाखवा. आणि कोणाच्या जुन्या पुस्तकात कडेला काही खरडलेलं दिसलं, तर पुसण्याआधी एकदा विचारा.

आणि त्या दोन रेघा. कालचीच दुपार घ्या. पत्र्यावर पाऊस, बाकड्यावर रिपेका, मांडीत अनाहेरा. वारा अडकला, टाकी शिंकली, पोस्टाची बाई चरात पडली आणि समुद्राचं पान आलं.

"आई, इथे आजोबा काय म्हणायचे?"

"इथलं मला आठवत नाही गं," रिपेका म्हणाली. दर वेळी ती हेच म्हणते. "खूप आठवून पाहिलं. बाकी सगळं सापडलं, एवढं एकच गेलं."

मग ती काही बोलली नाही. तिचा अंगठा त्या तेलकट डागावर टेकला, हनुवटी अनाहेराच्या डोक्यावर टेकली, आणि दोघी वाळूवर बसलेल्या मेंढीकडे बघत राहिल्या. किती वेळ गेला कोणी मोजला नाही. शेवटी अनाहेरानेच पान उलटलं.

रिपेका, अगं, पाओरा इथे काहीच म्हणायचा नाही. दोन रेघा म्हणजे तुम्ही दोघं, तो आणि तू. या पानावर आला की तो गप्प व्हायचा, तुझ्या डोक्यावर हनुवटी टेकवायचा, आणि तू पान उलटेपर्यंत नुसता बसून राहायचा. तू काही विसरलेली नाहीस, पोरी. तू रोज अगदी बरोबर वाचतेस.